इंडिकेटरखाली भेटू

शनिवारी संध्याकाळी मुंबईच्या उपनगरांत सगळ्यात बारकाईनं वाचला जाणारा मजकूर म्हणजे रविवारच्या मेगाब्लॉकची, दुरुस्तीसाठी रेल्वेमार्ग बंद ठेवण्याची, बातमी. माटुंगा ते मुलुंड, हार्बरवर कुर्ला ते वाशी, आणि पश्चिम रेल्वेवर तोच प्रकार ‘जम्बो ब्लॉक’ अशा भारदस्त नावानं. जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवण्यात येतील, गैरसोयीबद्दल प्रशासन दिलगीर आहे. ही बातमी भटक्यांच्या ग्रुपवर पडली की चर्चा पेटते. बोरिवलीकरांनी दादरला गाडी बदलायची की ठाण्यापर्यंत बसनं यायचं? ब्लॉक सुरू व्हायच्या आत सगळे पलीकडे पोचतील का? परतीचं काय? मधेच कुणीतरी ‘माझं अजून नक्की नाही’ असं टाकतो. तो येणार नसतो, हे सगळ्यांना माहीत असतं. दहा-बारा अंगठे वर होतात आणि सकाळी प्रत्यक्षात उगवतात चार-पाच जण. बाकीच्यांनी टांग दिलेली असते. तरीही पुढच्या शनिवारी ग्रुप पुन्हा तितक्याच उत्साहानं जागा होतो.

हे कोण लोक असतात? अंधेरीच्या कंपन्यांत काम करणारे, घाटकोपरला भाड्यानं राहणारे, मुलुंडला मावशीकडे उतरून मग तिथंच रुळलेले, सातारा, लातूर, नांदेड, रत्नागिरी, कुडाळहून आलेले. त्यांना परदेशी म्हणता येत नाही. भाषा आपली, राज्य आपलं. पण रविवारी सकाळी खोलीवर एकटं पडून पंख्याकडे बघत राहणं हे लंडनमध्ये जसं असतं तसंच अंधेरीतही असतं. उलट लंडनमधल्या माणसाची निदान आई फोनवर काळजी करते. अंधेरीतल्या मुलाला घरचे म्हणतात, तुला काय, तू तर मुंबईत.

खोलीचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळा मामला तिथूनच सुरू होतो. उपनगरांत नोकरीसाठी आलेली मुलं-मुली बहुतेक पीजीत राहतात, किंवा कॉट बेसिसवर. कॉट बेसिस म्हणजे अक्षरशः एक खाट आपली. खाटेखाली बॅग, भिंतीला एक खिळा, कपाटाचा एक कप्पा. एका खोलीत तिघं-चौघं. दारामागे मालकिणीनं लावलेला नियमांचा कागद: रात्री दहानंतर दार उघडलं जाणार नाही, गीझर पंधरा मिनिटं, कपडे गॅलरीत वाळत घालू नयेत. आणि सगळीकडे हमखास असणारा नियम म्हणजे, मित्र-मैत्रिणींना वर आणू नये. मी स्वतः असल्या एका खोलीत राहिलो आहे. माझे वडील भेटायला आले तेव्हाही मालकांना, जिन्यातच बोलून घ्या, असं वाटलं होतं. ज्यांचं स्वतःचं घर आहे त्यांची अवस्थाही फार वेगळी नसते. वन रूम किचनमध्ये आई-वडील, धाकटा भाऊ आणि दुपारची झोप. तिथं चार मित्र घेऊन जायचे तर आईला स्वयंपाकघरात आणि वडिलांना गॅलरीत बसावं लागतं.

म्हणून मैत्री बाहेर करावी लागते. भटकंती हा मुंबईच्या उपनगरांत छंद आहे असं आपण समजतो. माझ्या मते ती दिवाणखान्याची सोय आहे. ज्या शहरात बसायला बोलवता येत नाही, तिथं लोक चालायला बोलावतात.

यासाठी लागणारा दिवस आपोआप मिळालेला नाही. ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. त्यातली ठळक मागणी होती आठवड्याला एक सुट्टी, रविवारची. तेव्हा गिरण्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत, आणि सुट्टी मिळाली तरी ती यंत्र साफ करण्यात जाई. सभा झाल्या, अर्ज झाले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे ‘दीनबंधू’चे संपादक, सत्यशोधक. त्यांच्या मनात कामगारांनी त्या दिवशी धबधब्याखाली उभं राहून फोटो काढावेत असं नक्कीच नसणार. पण सुट्टी मिळवून देणाऱ्याला तिचा हिशेब मागता येत नाही. आजही हॉटेलातली, दुकानातली, सुरक्षा रक्षकाची नोकरी करणाऱ्यांना रविवार मिळत नाही, मंगळवार किंवा बुधवार मिळतो. त्यांच्या मैत्र्या त्यामुळे निराळ्या वाराच्या असतात, आणि त्या वारी त्यांना गाडीत बसायला जागा मिळते, एवढंच त्यातलं सुख.

रविवारी सकाळी सहा-साडेसहाला बोरिवली पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापाशी जाऊन उभं राहावं. सकाळी फिरायला येणारे गुजराती आजोबा, लाफ्टर क्लबवाले, सायकली भाड्यानं घेणारी कॉलेजची पोरं, गळ्यात दुर्बीण लटकवलेले पक्षीवाले. हे पक्षीवाले कुणाशी बोलत नाहीत, आणि बोलले तर हळू बोलतात. शिलोंड्याच्या वाटेला जायचं तर परवानगी लागते, सोबत माणूस लागतो. बहुतेक लोक कान्हेरीच्या डांबरी रस्त्यानं निघतात. फाटकापासून लेण्यांपर्यंत साधारण सहा किलोमीटर. बस आहे, पण बसमध्ये बसलं की गप्पा संपतात. वाटेत पाड्यावरच्या बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. मोसमाप्रमाणे काकडी, बोरं, करवंदं, ताडगोळे. काकडी उभी चिरून मधे तिखट-मीठ भरून देतात, आणि ते देताना सुरी ज्या वेगानं फिरते तो बघत राहण्यासारखा असतो. नवख्या ग्रुपमध्ये पहिली ओळख इथंच होते. एक काकडी दोघांत, पैसे कुणी दिले ते नंतर बघू.

जवळजवळ एकशे तीन चौरस किलोमीटरचं हे जंगल शहराच्या पोटात आहे, असं आपण अभिमानानं सांगतो. खरं तर ते शहराच्या आधीचं आहे, आणि कान्हेरीला लोक येत होते ते अंधेरी-बोरिवली ही स्टेशनं व्हायच्या शेकडो वर्षं आधीपासून. शंभराहून अधिक लेणी. दान देणाऱ्यांची नावं शिलालेखांत आहेत: कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे व्यापारी, गृहस्थ, बायकाही. पावसाळ्यात भिक्खू एका ठिकाणी मुक्काम करत, त्यांच्यासाठी खोल्या, खोल्यांबाहेर बसायला कोरलेले ओटे, बहुतेक लेण्यांजवळ पाण्याचं टाकं. अकरा क्रमांकाचं लेणं दरबार म्हणून ओळखलं जातं. त्यात खडकातच काढलेले दोन लांबच लांब, बुटके बाक आहेत, समोरासमोर. तिथं बसून डबा खायला आता मनाई आहे आणि ते योग्यच आहे. पण कितीतरी माणसांनी समोरासमोर मांडी घालून बसावं म्हणूनच ते बाक केले आहेत हे पाहिल्यावर लगेच कळतं.

मला मात्र कान्हेरीत सर्वांत जवळचं वाटतं ते नव्वद क्रमांकाचं लेणं. तिथं भिंतीवर पहलवी लिपीत लेख आहेत. यज़्दगर्दी शकाचं ३७८ वं वर्ष, म्हणजे इसवी सन १००९, आणि मग १०२१. इराणातून आलेल्या जरथुष्ट्री लोकांचे जथे इथं आले, त्यांनी तारीख कोरली आणि खाली आपापली नावं, वडिलांच्या नावासकट. १००९ मध्ये तर दोनदा, ऑक्टोबरात आणि नोव्हेंबरात. पाऊस संपलेला, टाकी भरलेली, डोंगर अजून हिरवा, ऊन सोसवेल असं. आजही कुठलाही ट्रेकर हेच दोन महिने सांगेल. परक्या देशात, परक्या धर्माच्या लेण्यात, आपल्या भाषेत आपली हजेरी लावून ते उतरून गेले. पुरातत्त्व खात्याच्या दृष्टीनं आज असं काही कोरणं हा गुन्हा आहे, आणि ‘राजू लव्ह पिंकी’ लिहिणाऱ्याला मी अजिबात माफ करणार नाही. तरी या हजार वर्षांपूर्वीच्या यादीपुढे उभं राहिलं की रविवारच्या ग्रुप फोटोकडे जरा सहानुभूतीनं बघता येतं.

याच जंगलामुळे उपनगरांचा नकाशा विचित्र झाला आहे. मुलुंड आणि बोरिवली एकाच डोंगराच्या दोन कुशींत. मधे बिबटे आणि विहार-तुळशीचे तलाव. बिबट्याला पलीकडे जायला एक रात्र पुरते. माणसाला दादरला जाऊन उलटं यावं लागतं, नाहीतर ठाण्याहून घोडबंदरचा वळसा. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी उद्यानाच्या पोटातून पावणेपाच किलोमीटरचे जुळे बोगदे ठरले आहेत, ठाणे-बोरिवलीचे निराळे. ते होईतोवर मध्य रेल्वेवाल्यांची मैत्री मध्यवाल्यांशी आणि पश्चिमवाल्यांची पश्चिमेशी. मुंबईत ‘कुठं राहतोस’ हा प्रश्न जागेसाठी नसतोच, तो लाइन कुठली हे कळण्यासाठी असतो. लाइन जमली की मैत्रीला निम्मे गुण मिळालेच. मी मुलुंडचा असताना कांदिवलीच्या एका जिवलग मित्राला वर्षवर्ष भेटत नसे, आणि कांजूरमार्गच्या एका साध्या ओळखीच्या माणसाबरोबर अर्धा सह्याद्री हिंडलो.

यात फरक पडला तो ८ जून २०१४ ला. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. बारा स्टेशनं, साडेअकरा किलोमीटरही नाही. पण त्याआधी अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या बसमध्ये ज्यांनी तारुण्य घालवलं त्यांना विचारा. साकीनाक्याला बस थांबली की लोक झोपून उठत, तरी साकीनाकाच असे. आता वीस-बावीस मिनिटांत इकडचा तिकडे. घाटकोपरच्या मेट्रो स्टेशनातून रेल्वेच्या पुलावर उतरणारा लोंढा सोमवारी भीतिदायक असतो. रविवारी सकाळी त्याच पुलावर सॅक अडकवलेली पोरं कठड्याला टेकून उशिरा येणाऱ्यांची वाट बघत उभी असतात. भेटण्याच्या जागा ठरलेल्या: तिकीट खिडकी, मधल्या पुलाचा जिना, फलाटावरचा इंडिकेटर. पत्ता लागत नाही, दाराची बेल लागत नाही, आणि कुणाच्या वहिनींना चहा टाकावा लागत नाही.

खऱ्या भटक्यांची दिशा मात्र कर्जत आणि कसारा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत शंभर किलोमीटर, कसारा एकशेवीस. एवढं अंतर लोकलच्या तिकिटात जाता येतं हे उपनगरांतल्या भटकंतीचं खरं भांडवल. शनिवारी मध्यरात्रीनंतरची शेवटची कर्जत पकडायची. घाटकोपरला दोघं चढणार, मुलुंडला तिघं, डबा तोच, शेवटून दुसरा. कर्जतला उतरलं की फलाटावरच सॅक उशाला घेऊन पडायचं. तांबडं फुटलं की दिवाडकरांचा वडा, मग टमटम. आंबिवलीला उतरून कोथळीगड, खांडसला उतरून भीमाशंकर, नेरळहून पेब. कसाऱ्याच्या लाइनीवर आसनगावला उतरलं की समोर माहुली. पश्चिमवाल्यांना हे सगळं लांब पडतं, म्हणून ते वसईजवळचा कामणदुर्ग, पालघरचा काळदुर्ग, अशेरी करतात आणि आमच्याकडे गर्दी नाही म्हणून मिरवतात. त्यांचं खरंही आहे.

टीटीएमएम हा शब्द याच जगातला. तुझं तू, माझं मी. परतीच्या गाडीत वहीचं पान किंवा मोबाइल काढून एक जण हिशेब करतो, आणि तो एक जण प्रत्येक ग्रुपात तोच असतो. सगळे त्याची चेष्टा करतात, पण ज्या रविवारी तो येत नाही त्या रविवारचा हिशेब कधीच लागत नाही.

या भटकंतीला संस्थांचा मोठा आधार आहे. मुंबईतली गिरिविहार १९५४ ची. मुलुंडच्या चक्रम हायकर्सचं ‘सह्यांकन’ म्हणजे सह्याद्रीतली कित्येक दिवसांची पदभ्रमण मोहीम. आणि मुलुंडच्याच महाराष्ट्र सेवा संघात २००२ पासून जुलैत भरणारं गिरिमित्र संमेलन, जिथं महाराष्ट्रभरचे डोंगरवाले दोन दिवस जमतात. बाहेर पाऊस, आत पडद्यावर हिमालय. व्यासपीठावर एव्हरेस्टवीर बोलत असतात तेव्हा मागच्या व्हरांड्यात ‘अरे तू! हरिश्चंद्रगडावर तुझी मॅट उडाली होती तोच ना?’ अशा धाटणीच्या ओळखी निघत असतात. संमेलनाची खरी कमाई मला तो व्हरांडा वाटते.

अलीकडे मात्र शनिवार-रविवारचे धंदेवाईक ट्रेक फार झाले आहेत. ऑनलाइन पैसे भरायचे, पन्नास-साठ माणसांची बस, नाश्त्याला पोहे, कपाळाला लावायला भगवी पट्टी, वर ड्रोन. हरिहर गडाच्या पायऱ्यांवर रांग लागते ती यामुळेच. एकट्यानं शहरात आलेल्या मुला-मुलींना ओळखी व्हाव्यात म्हणून हे बरं, असं त्याचं समर्थन केलं जातं. मला ते पटत नाही. बसमध्ये ‘आपली ओळख करून द्या’चा खेळ होतो, नाव, गाव, आवडता सिनेमा. सोमवारी त्यातलं काही आठवत नाही. मैत्री होते ती लाकडं गोळा करताना, ओल्या काडीनं चूल पेटत नसताना, खिचडी खाली लागल्यावर ती कुणामुळे लागली यावर तासभर भांडताना. जिथं सगळं पैसे घेऊन हातात दिलं जातं, तिथं एकमेकांची गरजच पडत नाही. पावसाळ्यात तर, ट्रेक असो वा साधी सहल, पाणी जिवावर बेतू शकतं. ३० जून २०२४ ला, रविवारीच, लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर बंदीचे आदेश निघाले. ते दरवर्षी निघतात.

डोंगर न चढणाऱ्यांचेही रविवार असतात. भांडुप, विक्रोळी, जोगेश्वरी, दहिसरच्या चाळींत कोकणातल्या गावांची ग्रामस्थ मंडळं आहेत. याचं मूळ गिरणगावातल्या गावकीच्या खोलीत. एका खोलीत एका गावचे वीस-पंचवीस बाप्ये, पाळीपाळीनं झोपणारे. गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींचे धोबी तलावच्या बाजूचे ‘कूड’ त्याच जातीचे. खोल्या गेल्या, मंडळं राहिली. महिन्यातून एका रविवारी मीटिंग, शाळेच्या वर्गात नाहीतर कुणाच्या पोटमाळ्यावर. वर्गणीचं पावती पुस्तक, हजेरीची वही, देवळाच्या कळसावरून वाद, गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण. आणि उन्हाळ्याआधी गावागावांच्या संघांच्या टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा. मैदानाच्या कडेला मांडवात माइकवर मालवणीतून धावतं वर्णन चालतं, आणि ते खेळापेक्षा सरस असतं. पंचवीस वर्षांचा मुलगा, जन्म भांडुपचा, गावी फक्त मे महिन्यात गेलेला, पण छातीवर गावाचं नाव. त्याचे मुंबईतले दोस्त हे मुळात वडिलांच्या दोस्तांचे मुलगे. त्याला मित्र शोधावे लागले नाहीत. लातूरहून एकट्या आलेल्या मुलाला हे पाहून हेवा वाटतो.

त्या लातूरच्या मुलाचा मार्ग एखाद्या कामातून जातो. ऑक्टोबर २०१५ मध्ये वर्सोव्याला राहायला आलेल्या अफरोज शाह या वकिलानं आपल्या वयोवृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन किनाऱ्यावरचा कचरा उचलायला सुरुवात केली. शनिवार-रविवारी माणसं येऊ लागली. कोळीवाड्यातली, टॉवरमधली, ऑडिशनच्या आशेवर आरामनगरच्या आसपास राहणारी. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा पुरस्कार त्यांना मिळाला, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे गेली. कचरा पुन्हा येतो, प्रत्येक भरतीला. पण गमबूट घालून गुडघाभर प्लॅस्टिकमध्ये शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी ‘आपण काय करता’ असं आदबीनं बोलताच येत नाही. दुसऱ्या पिशवीला अरे-तुरे सुरू होतं.

मुलींचा रविवार याहून अवघड. आठवड्याचे कपडे, खोलीची पाळी, आणि घरी असेल तर पाहुणे. रात्रीच्या शेवटच्या कर्जतनं जायचं म्हटलं की घरून पहिला प्रश्न ‘कोण कोण आहे?’ मग एखाद्या मैत्रिणीनं आईशी फोनवर बोलायचं. पीजीची वेळ दहाची, आणि मेगाब्लॉकनं गाडी रखडली तर मालकिणीला स्क्रीनशॉट पाठवायचा. म्हणून बऱ्याच जणींनी आपापले गट केले आहेत, पहाटेच्या गाडीचे, संध्याकाळी सातला घरात पोचणारे. वर्सोव्याहून तरीनं मढ, मार्व्याहून मनोरी, बोरिवलीहून गोराई. खाडी ओलांडायला पाच-दहा मिनिटं लागतात. पलीकडच्या वाळूवर चपला हातात घेऊन चालायचं, सुरमई खायची आणि परत. रात्री ग्रुपवर एकेकीचा ‘पोचले’ येईपर्यंत कुणी झोपत नाही. पुरुषांच्या ग्रुपवर हा प्रघात नाही, तो असायला हरकत नव्हती.

परदेशातल्या मराठी मंडळींचं चित्र याच्या उलट. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. पण तिथला खरा शनिवार घराघरांत साजरा होतो, पॉटलकला. जो तो एकेक पदार्थ घेऊन कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमतो. जागा आहे, मोटारी आहेत, बाहेर थंडी आहे. मुलुंडहून न्यू जर्सीला गेलेली एक मैत्रीण सांगते की तिकडे तिला वीस घरं आतून माहीत आहेत. इथं बारा वर्षं जिच्याबरोबर हिंडली तिच्या घराचा मजला तिला ठाऊक नव्हता.

इकडेही जागा मिळते, उशिरा. लग्न ठरतं, कर्ज मंजूर होतं आणि ग्रुपमधला एक जण बदलापूरला टू बीएचके घेतो. गृहप्रवेशाला सगळे येतात, पहिल्यांदाच सॅकशिवाय. हॉल बघतात, फरशी वाखाणतात, बाल्कनीतून चंदेरी किल्ला दिसतो म्हणून अर्धा तास तिथंच उभे राहतात. आता हक्काची जागा झाली, कधीही या, असं तो दहादा बजावतो. त्यानंतर वर्षभर कुणी फिरकत नाही. मग एका शनिवारी ग्रुपवर चंदेरीचं ठरतं. तोच घरी म्हणतो, सगळे आधी आपल्याकडे येतील, बारा जणांचा चहा-नाश्ता कर. रविवारी सकाळी सहा जण बदलापूरला उतरतात आणि त्यालाच फोन करून खाली बोलावतात. वर आलो तर ऊन चढेल म्हणतात.